साखर मोजता, मग कोलेस्टेरॉल का नाही?

(जालना जिल्हा बैठकीत एका डॉक्टर कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावावर बोलणे चालू आहे. त्यात माझा विषय पुकारला तेव्हा मागच्या रांगेतले दोघे-तिघे चहासाठी उठायला लागले. बसा, थोडक्यात सांगतो. या मंडपात पन्नाशीच्या पुढचे जे बसले आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या खिशात साखरेच्या गोळ्या आहेत, हे मला ठाऊक आहे. बोलणे त्यांच्याशीच आहे.

घनसावंगीकडचे एक शेतकरी माझ्याकडे येत. अंगाने काटकुळे, पोट खपाटीला. मधुमेह बारा वर्षांचा, पण पथ्य कडक. दर महिन्याला साखर तपासायची, आकडा बरोबर आला की समाधानाने गावी जायचे. कोलेस्टेरॉलची गोळी दिली होती, ती त्यांनी दोन महिन्यांत बंद केली. म्हणाले, "डॉक्टर, मी हा असा वाळलेला. माझ्या अंगात चरबी कुठून येणार?" पुढे कापूस वेचणीच्या दिवसांत एका संध्याकाळी दम लागला, दरदरून घाम आला. छातीत दुखले नाही. गॅस झाला म्हणून सोडा प्यायले आणि रात्र काढली. सकाळी कार्डिओग्राम काढला तर झटका येऊन गेलेला. जीव वाचला, पण हृदयाची ताकद निम्मी राहिली. उपचारासाठी दीड एकर विकले. साखर त्या दिवशीही ठीकच होती.

मधुमेही माणूस बहुधा साखरेने मरत नाही, हृदयाने मरतो. वर्षानुवर्षांच्या साखरेने रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब होते आणि त्या खराब जागी कोलेस्टेरॉल बसत जाते. त्याच साखरेने नसाही बधिर होतात, म्हणून झटक्याची कळ काहींना जाणवतच नाही. मधुमेह असलेल्या माणसाला अचानक दम लागला, घाम फुटला, जबडा किंवा खांदा भरून आला, तर सोडा नको. आधी कार्डिओग्राम.

आता "मी वाळलेला" या बोलण्याविषयी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचा पुरता उलगडा केला आहे. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. चरबी मोजली तर युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी १९९३ पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या लेकरांचा अभ्यास चालवला. वजनाने हलकी जन्मलेली ही पोरे मांसाने कमी होती, पण चरबी टिकवून होती. म्हणजे आईच्या उपासमारीचा हिशेब पोराच्या रक्तात उतरतो. शेतमालाला भाव न देणाऱ्या धोरणाची ही बाकी कोणत्या खात्यात लिहायची ते तुम्हीच ठरवा.

देशभराच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. मधुमेही १० कोटींच्या वर, आणि रक्तातल्या चरबीचा काही ना काही बिघाड शंभरातल्या ८१ मोठ्या माणसांत. शहरी श्रीमंतांचा रोग म्हणायचे दिवस गेले.

रिपोर्ट वाचायला शिका. एकूण कोलेस्टेरॉल पाहून खूश होऊ नका. मधुमेहात ट्रायग्लिसराइड वाढते, चांगले एचडीएल घटते, आणि वाईट एलडीएल वरवर मध्यम दिसले तरी त्याचे कण बारीक आणि जास्त घातक असतात. कागदावर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा धडधाकट माणसाची आहे, तुमची नाही. मधुमेह्याचे एलडीएल निदान १०० च्या आत हवे. रक्तदाब किंवा तंबाखू जोडीला असेल तर ७० च्या आत, आणि झटका येऊन गेला असेल तर ५५ पर्यंत खाली आणायला सांगतात. दुसरा सोपा हिशेब असा, की एकूण आकड्यातून एचडीएल वजा करा. उरले ते १३० च्या वर असेल तर डॉक्टरला विचारा. ट्रायग्लिसराइड मात्र साखर आटोक्यात आली आणि दारू सुटली की पुष्कळदा आपोआप उतरते.

गोळीबद्दल गावोगाव नाना समज आहेत. ही औषधे ज्यातून निघाली त्या पहिल्या द्रव्याचा शोध अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने लावला. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस. हजारो बुरश्या तपासल्या, आणि १९७३ साली तांदळावरच्या एका बुरशीत त्याला हवे ते सापडले. ब्रिटन-आयर्लंडमध्ये हृदयरोग नसलेल्या २,८०० मधुमेह्यांवर अटोरव्हास्टॅटिनच्या १० मिलिग्रॅम गोळीची चाचणी झाली. त्यांचे कोलेस्टेरॉल फार चढलेलेही नव्हते. झटका-पक्षाघातासारखे प्रकार ३७ टक्क्यांनी कमी झाले, फायदा एवढा उघड की २००३ साली चाचणी मुदतीआधी थांबवली. गोळीने साखर किंचित चढू शकते, हे खरे. पण हृदयाचा फायदा त्याहून कितीतरी मोठा. अंग फार दुखले, लघवी काळपट झाली तर डॉक्टरकडे या. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. गरोदर बाईने ती घ्यायची नाही. बाकी कोणी मनाने बंद करायची नाही. जन औषधी केंद्रातली एक गोळी हॉटेलातल्या एका चहापेक्षा स्वस्त पडते.

आता तेल. डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेले वाचून बाया जास्त पैसे मोजतात. कोणत्याच वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसते, पामतेलातही नाही! पण पामतेलातली जवळजवळ निम्मी चरबी घट्ट जातीची, आणि तीच आपल्या यकृताकडून एलडीएल वाढवून घेते. करडईच्या तेलात ती दहा टक्क्यांच्या आसपास. करडई हे आपल्या रब्बीचे पीक, परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे वाण काढले. गेली कुठे ती? १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली. पुढे आयातकराचा झोका चालूच राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचा मूळ कर २० टक्के केला, आणि मे २०२५ मध्ये, पेरणीच्या तोंडावर, १० टक्क्यांवर आणला. करडई कोण पेरील? ती आपल्या शेतातूनही गेली आणि कढईतूनही.

तरी करडईचे तेल आहे म्हणून भजी तळत बसू नका. कोणतेही तेल माणशी महिन्याला अर्धा किलो पुरे. भाकरी, डाळ, पालेभाजी, जवसाची चटणी खा. मोसंबी सोलून खा, रस काढून नको. बाजाराच्या दिवशी त्याच त्या काळ्या तेलातले वडे मात्र सोडा, आणि तंबाखूही. तंबाखूवर मी बोललो की सभेत नेहमी शांतता होते, आजही झाली.

वर्षातून एकदा चरबीची तपासणी करा, गोळी सुरू केली की दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. थायरॉइडही एकदा पाहून घ्या, त्याच्या कमतरतेनेही एलडीएल चढते. जेवणाच्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीजवळ बसणार आहे. ज्यांच्याकडे जुने रिपोर्ट आहेत त्यांनी घेऊन या. बायांनी आधी या, घरात तपासणीचा नंबर त्यांचाच शेवटी लागतो.