दोन मापांचे रूळ

रुळांचे माप ही केवळ इंजिनियरांची बाब नव्हे. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीस मोठ्या लोहमार्गाला मिळाली खरी. पण त्याचे माप साडेपाच फूट, हिचे अडीच! मुंबईची गाडी उशिरा आली की पंढरपूरच्या छोट्या गाडीपुढे पेच: थांबावे, तर पुढच्या स्थानकांवरचे उतारू खोळंबतात, सुटावे, तर यात्रेकरू मागे राहतात. आषाढीच्या गर्दीत शेजारच्या रुळांवरचे रिकामे डबेही उसने घेता येत नसत. जादा डबे, इंजिने, सारे स्वतंत्र राखावे लागे. १९९२ साली एकाच मापाचे धोरण आले. पुढे हा मार्गही रुंद झाला. त्या खर्चाचा हिशेब मांडताना उतारूंचा वाचलेला खोळंबाही जमेस धरावा.