राजकारणाचें मानसशास्त्र आणि त्याचीं नियतकालिकें



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटलें असेल. विषय राजकारणाच्या मानसशास्त्राचा, आणि त्यावर बोलणार कोण, तर केडगांवचा एक निवृत्त प्राथमिक शिक्षक! मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतली, एवढीच माझी विद्या. तेव्हां मी पंडित म्हणून बोलत नाहीं. माझ्या हातून एक चूक घडली, ती निस्तरतांना या विषयाशीं माझी ओळख झाली, आणि ती आपल्याहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून मी येथें आलों आहें.

प्रथम हा विषय म्हणजे काय, तें सांगतों. राज्यशास्त्र घटना, कायदे, विधिमंडळें यांचा विचार करतें. मानसशास्त्र मनाचा विचार करतें. परंतु मतदार कांहीं घटना वाचून मत देत नाहीं. तो पुढाऱ्याचा चेहरा पाहतो, भाऊबंद कोणीकडे झुकले आहेत तें पाहतो, जुना राग आठवतो, कशाची तरी भीति बाळगतो, कशाची तरी आशा धरतो. निवडणुकीचें काम आम्हां शिक्षकांस कधीं चुकलें नाहीं. मतदानकेंद्रावर बसून मीं शेंकडों लोकांच्या बोटांना शाई लागतांना पाहिली आहे. आडोशामागें जाऊन हा मनुष्य काय करणार, आणि तेंच कां करणार, असा प्रश्न मला कैक वेळां पडे. या 'कां'चा पद्धतशीर शोध घेणें, हें राजकीय मानसशास्त्राचें काम होय.

ग्रॅहम वॉलस या इंग्रज लेखकानें १९०८ सालींच राजकारणांतील मनुष्यस्वभावावर ग्रंथ लिहिला होता. परंतु या शास्त्रास वाहिलेली आंतरराष्ट्रीय संस्था जीन नटसन या विदुषींच्या पुढाकारानें १९७८ सालीं निघाली, आणि पुढच्याच वर्षीं तिचें 'पोलिटिकल सायकॉलॉजी' हें नियतकालिक सुरू झालें. 'पोलिटिकल बिहेवियर' हें दुसरें नियतकालिकहि १९७९ चेंच. हा सारा खटाटोप परदेशांतलाच, असें मात्र समजूं नये. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारमध्यें मोठा भूकंप झाला. त्यानंतर लोकांत ज्या आवया उठल्या, त्या जमुना प्रसाद या संशोधकानें अभ्यासिल्या आणि त्यावरील निबंध १९३५ सालीं 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी'मध्यें प्रसिद्ध केला. जेथें धक्का बसला पण पडझड झाली नाहीं, अशा ठिकाणीं याहून मोठें संकट येणार अशा आवया पसरल्या होत्या. वांचलेल्यांनीं स्वतःस धीर द्यावा, तर ते अधिकच भयंकर भाकितें करीत होते! लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें पुढें १९५७ सालीं आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडतांना याच नोंदींचा आधार घेतला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, भीति मनांत आधींच होती. त्या भीतीला शोभेल असें कारण लोकांनीं मागाहून शोधून काढलें.

आपल्या पुण्यासहि या अभ्यासाचा वारसा आहे. पुणें विद्यापीठांतील प्राध्यापक व. म. सिरसीकर यांनीं १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकींत पुण्याच्या मतदारांचें वर्तन अभ्यासून १९६५ सालीं त्यावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. दिल्लीच्या 'लोकनीति' या अभ्यासगटाचें 'स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स' हें षण्मासिक २०१३ पासून निघतें. त्याचे मुख्य संपादक म्हणून पुण्याचेच प्राध्यापक सुहास पळशीकर यांनीं काम पाहिलें आहे.

आतां अशा नियतकालिकांत आणि घरीं येणाऱ्या वर्तमानपत्रांत भेद काय? तो परीक्षेच्या उदाहरणानें चटकन् कळेल. उत्तरपत्रिकेवरील नांव झांकून ती परीक्षकाकडे धाडतात, आणि परीक्षकाचें काम दुसरा जाणकार पुनः तपासतो. तद्वत् येथें आलेला निबंध बहुधा लेखकाचें नांव झांकून दोन-तीन तज्ज्ञांकडे जातो. ते शंका काढतात. लेखकानें त्यांचें निरसन करावें, नाहींतर निबंध परत न्यावा. शिवाय, किती माणसांस विचारलें, कोणता प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, आंकडेमोड कशी केली, हें सारें उघड करावें लागतें. गणितांत आम्ही मुलांना सांगत असूं, नुसतें उत्तर नको, रीत दाखवा. तसाच हा नियम आहे.

आतां माझ्या चुकीकडे वळतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे एका स्थानिक निवडणुकीचा प्रचार चालला होता. माझ्या शेजारीं एक वयोवृद्ध शेतकरी राहतात. मी त्यांना अण्णा म्हणतों, ते मला गुरुजी म्हणतात. त्यांचा पुतण्या त्या निवडणुकींत उभा होता. एके सकाळीं माझ्या मोबाइलवर एका कागदाचें छायाचित्र आलें. वर केडगांवचें नांव, मध्यें जमिनीचा व्यवहार, खालीं त्या पुतण्याच्याच आडनांवाची सही. सोबत मजकूर असा कीं, या गृहस्थानें गांवचें गायरान परस्पर विकलें. खरें सांगायचें तर त्या मुलाविषयीं माझ्या मनांत आधींच थोडी अढी होती. सायंकाळीं मारुतीच्या पारावर वीस-पंचवीस मंडळी जमली होती. तेथें मीं चष्मा लावून तो मजकूर मोठ्यानें वाचून दाखविला. पस्तीसेक वर्षें गांवच्या मुलांना धडे वाचून दाखविणाऱ्याचा तो आवाज; लोकांनीं त्यावर विश्वास ठेवला यांत त्यांचा काय दोष?

चार दिवसांनीं उलगडा झाला. केडगांव नांवाचें दुसरें गांव नगर शहराला लागून आहे. कागद तिकडचा होता, जुना होता, कोणाच्या तरी खासगी जमिनीचा होता, आणि सही करणाराचें फक्त आडनांव जुळत होतें. हें कळल्यावर मीं काय केलें? दोघां मित्रांस घरीं बोलावून हळूच सांगितलें. पारावर मात्र गेलों नाहीं. मनाची समजूत घातली कीं, विषय पुनः काढला तर तो लोकांच्या डोक्यांत अधिकच पक्का बसेल. निवडणूक झाली आणि तो मुलगा पडला. माझ्या वाचनामुळें पडला असें मी म्हणत नाहीं, तें कोणास सांगतां येणार नाहीं. पण अण्णांनीं माझ्या ओट्यावर येणें सोडलें. भांडण नाहीं, तंटा नाहीं. वाटेंत भेटले तर रामराम घालीत, आणि पुढें जात.

माझी पुतणी पुण्यास राज्यशास्त्र शिकते. ती सुटींत आली तेव्हां तिला मीं ही हकीकत सांगितली, आणि चूक पुनः उगाळल्यानें वाढतेच, हा माझा सिद्धांतहि ऐकविला. ती म्हणाली, "काका, अगदीं याच प्रश्नावर निबंध छापून आले आहेत. मी आणून देतें. पण पहिला वाचून थांबूं नका, शेवटचाहि वाचा." शब्दकोश जवळ घेऊन, एका पानाला एक संध्याकाळ, अशा बेतानें मीं ते वाचले.

पहिला निबंध १९७९ चा, लॉर्ड, रॉस आणि लेपर या तिघांचा. फांशीची शिक्षा असावी म्हणणारे चोवीस आणि नसावी म्हणणारे चोवीस विद्यार्थी त्यांनीं निवडले, व प्रत्येकास दोन संशोधनें वाचावयास दिलीं, एक शिक्षेच्या बाजूचें, एक विरुद्ध. दोन्ही बाजू वाचून माणसें जवळ येतील, असें आपणांस वाटेल. झालें उलट. प्रत्येकानें आपल्या बाजूचें संशोधन चांगलें ठरविलें, दुसऱ्यांतल्या खोडी काढल्या, आणि आपलें मत पूर्वीपेक्षां घट्ट झाल्याचें सांगितलें. वाचतांना मला माझा चष्मा आणि तो कागद आठवला. पुतण्याऐवजीं माझ्या आवडत्या उमेदवाराचें आडनांव त्यावर असतें, तर मीं गांवाचें नांव दोनदां तपासून पाहिलें असतें.

दुसरा निबंध न्यायहन आणि रायफ्लर यांचा, 'पोलिटिकल बिहेवियर'मधला, २०१० चा. इराकमधील शस्त्रांविषयींची चुकीची समजूत दुरुस्त करणारी बातमी कांहीं लोकांस दाखविली, तर ज्यांच्या राजकीय मताला ती दुरुस्ती रुचणारी नव्हती त्यांची चुकीची समजूत अधिकच वाढली, असें त्यांस आढळलें. मला हायसें वाटलें. माझा सिद्धांत विद्वानांनीं सिद्ध केला होता! हें शास्त्र पुष्कळ गाजलेंहि. पण पुतणीचें बोलणें लक्षांत होतें. पुढें वुड आणि पोर्टर या दोघांनीं १०,००० हून अधिक लोकांवर, ५२ निरनिराळ्या प्रश्नांबाबत तोच प्रयोग करून पाहिला. असा उलटा परिणाम त्यांस दिसून आला नाहीं. खरी माहिती दिल्यावर लोक बहुतेक करून ती मानतात, असा त्यांचा निष्कर्ष. आणि हा निबंध छापला कोणीं? २०१९ सालीं त्याच 'पोलिटिकल बिहेवियर'नें! ज्या पानांनीं पहिलें मत जगापुढें आणलें, त्यांनींच त्याला शह देणारें मतहि आणलें.

गोष्ट येथें संपत नाहीं. पुढें न्यायहन, रायफ्लर, पोर्टर आणि वुड या चौघांनीं मिळून एक निबंध लिहिला. तोहि त्याच नियतकालिकांत २०२० सालीं आला. अमेरिकेंतील २०१६ च्या निवडणुकींत डोनाल्ड ट्रम्प यांनीं केलेलीं चुकीचीं विधानें दुरुस्त करून दाखविलीं, तर त्यांच्या समर्थकांचीहि माहिती सुधारली. परंतु उमेदवाराविषयींची त्यांची आवड फारशी हलली नाहीं. ज्यांनीं एकमेकांस खोडलें होतें ते विद्वान एका मेजाशीं बसले, आणि दोघांपेक्षां खरें असें कांहीं हातीं लागलें. आमच्या गांवांत दोन गट असे बसलेले मीं पाहिलेले नाहींत.

माझी सबब अशा रीतीनें गेली. दुसऱ्याच दिवशीं पारावर जाऊन मीं सांगितलें कीं, मंडळी, मीं वाचलेला कागद आपल्या गांवचा नव्हता, मीं न तपासतां वाचला, चूक माझी. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग एक गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, आम्हांला तें मागंच समजलं होतं. तुम्ही कधीं सांगतां, याची वाट बघत होतों." दुसरे म्हणाले, "पण मत कांहीं आम्ही त्याला देणार नव्हतों." चौघां विद्वानांचा निष्कर्ष आमच्या पारावर एका वाक्यांत सांगितला गेला! अण्णा त्या दिवशीं तेथें नव्हते. आठ दिवसांनीं ते ओट्यावर आले, पंचांग मागितलें, आणि नेहमींच्या जागीं बसले. त्या विषयावर आम्ही आजवर बोललों नाहीं.

या नियतकालिकांस कोणी वेदवाक्य मानूं नये. 'अमेरिकन जर्नल ऑफ पोलिटिकल सायन्स'मध्यें २०१२ सालीं स्वभाव आणि राजकीय मत यांच्या संबंधावर एक निबंध आला. पुढें उघड झालें कीं, आंकड्यांच्या खुणा उलट वाचल्या गेल्या होत्या. जो गुण एका पक्षाच्या लोकांस लावला तो वस्तुतः दुसऱ्यांचा! तज्ज्ञांच्या नजरेंतून तें सुटलें होतें. २०१६ सालीं त्याच नियतकालिकानें दुरुस्ती छापली. दुसरी उणीव अधिक मोठी. मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांची पाहणी केली असतां असें दिसलें कीं, अभ्यासिलेल्या माणसांपैकीं ९६ टक्के माणसें ज्या देशांतलीं, त्यांत जगाची अवघी १२ टक्के वस्ती राहते. म्हणजे फांशीविषयीं स्टॅनफर्डच्या अठ्ठेचाळीस मुलांस काय वाटलें, तें जगास ठाऊक. दौंड तालुक्यांतला ऊस लावणारा मतदार कालव्याच्या पाण्याविषयीं कसा विचार करतो, तें त्यांत शोधून सांपडावयाचें नाहीं.

तिसरी अडचण आपल्या घरापर्यंत येते. हीं नियतकालिकें इंग्रजींत आणि महाग. केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेनें २०२५ पासून ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना सुमारें १३,००० नियतकालिकें खुलीं होऊं लागलीं, ही समाधानाची गोष्ट आहे. पण ज्याच्या घरीं विद्यापीठांत जाणारें कोणी नाहीं, त्यानें काय करावें? मराठींत ही वाट अगदींच नाहीं असें नाहीं. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचें 'नवभारत' १९४७ सालीं निघालें, आणि गंभीर विषय मराठींत मांडतां येतात हें त्यानें दाखविलें. पंडिता रमाबाई आमच्याच केडगांवीं राहिल्या. १९२२ सालीं देह ठेवीपर्यंत त्यांनीं हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबल सोप्या मराठींत आणण्याचें काम केलें, व तें त्यांच्या मुक्तिसदनाच्या छापखान्यांत छापलें गेलें. आगगाडीच्या एका लहान स्टेशनाच्या गांवीं एवढें होऊं शकलें, तर पुण्यामुंबईच्या विद्वानांस दरसाल पांचपंचवीस शोधनिबंधांचें सार मराठींत देणें अशक्य आहे काय?

तोंवर आपण घरच्या घरीं एवढें करूं शकतों. निवडणुकीच्या दिवसांत कोणी आंकडा सांगितला, तर किती लोकांस विचारलें आणि काय विचारलें, हें विचारावें. आपल्याला आवडणारी बातमी आली, तर ती नावडतीपेक्षां अधिक कसोशीनें तपासावी. आणि चूक जेथें केली तेथेंच, तेवढ्याच मोठ्या आवाजांत, ती दुरुस्त करावी. मला या शेवटल्या गोष्टीला कित्येक महिने लागले. आपणांस इतके लागूं नयेत, एवढ्यासाठींच हें बोललों.