मागे वाजणारा तंबोरा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजन समितीने प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही देऊन टाकला आहे: ‘मी सध्या काय करते’. आपल्यातल्या डॉक्टरांचं, वकिलांचं, द्राक्षबागवाल्यांचं बरं आहे, त्यांनी एक शब्द सांगितला की काम झालं. मी इतकी वर्षं ‘पुण्यात कम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर सुटत आले. आज ते चालणार नाही. गणिताचे सर पहिल्या रांगेत बसलेत, आणि उत्तर बरोबर असलं तरी ‘रीत कुठे आहे?’ असं विचारायची त्यांची सवय गेलेली नसणार.

तर रीत सांगते. मी मोबाइलची ॲप्स बनवते. त्यातही डोळ्यांना दिसणारा भाग माझा नाही. तुम्ही फोनचा पडदा बंद करून तो खिशात टाकता, त्यानंतर जे मागे चालू राहतं, किंवा राहायला हवं, ते माझं काम.

हे समजायला आपल्या शाळेचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. एक खिडकी आणि खिडकीमागे एकच भाऊसाहेब. फी घेणं, बोनाफाइड देणं, ‘साहेब आहेत का?’ला उत्तर देणं, सगळं तिथेच. समजा, कुणी वीस वर्षांपूर्वीचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला आणि भाऊसाहेब स्वतःच माळ्यावर चढून जनरल रजिस्टर शोधायला लागले, तर काय होईल? खिडकी उघडी दिसेल, पण पलीकडे कुणी नसेल. रांगेतल्या पोरांना वाटेल, ऑफिस बंद पडलं.

प्रत्येक ॲपला अशी एकच खिडकी असते. तिला मेन थ्रेड म्हणतात. थ्रेड म्हणजे धागा. एकामागून एक ओवलेली कामं. तुमचं बोट कुठे लागलं ते बघायचं आणि पडद्यावरचं चित्र सेकंदाला साधारण साठ वेळा नव्याने काढायचं, हे या एका धाग्याचं काम. म्हणजे एका चित्राला मिळतात सुमारे 16 मिलिसेकंद. या धाग्यालाच कुणी माळ्यावर पाठवलं तर चित्र थिजतं. अँड्रॉइड फोनवर बोट लावून पाच सेकंदांत उत्तर आलं नाही, तर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी येते. ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. म्हणून अवघड काम दुसऱ्या धाग्यावर द्यायचं. त्याने रजिस्टर शोधून खिडकीपर्यंत आणायचं. दाखला लिहायचा मात्र भाऊसाहेबांनीच, कारण पडद्याला हात लावायचा अधिकार मेन थ्रेडचाच असतो.

एवढं मला नोकरीत पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. तरी त्यानंतर मी एक चूक केली. तिचा संबंध आपल्या गायनाच्या बाईंशी आहे. त्यांची परवानगी घेऊनच सांगते आहे.

आपलं गाव तंबोऱ्याचं. शिकलगारी करणारे फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि पुढे गल्लीच्या गल्ली सतारमेकरांची झाली. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपण शाळेत जाता-येता वाळत ठेवलेले भोपळे बघायचो, तेव्हा यात काही विशेष आहे असं वाटायचं नाही. बाईंच्या घरचा तंबोराही इथलाच. पण काही वर्षांपूर्वी बाईंचा उजवा खांदा धरला. तंबोरा मांडीवर घेऊन तासभर छेडणं जमेना. मी म्हणाले, ‘बाई, तुमच्या फोनवर तंबोरा करून देते.’ कशी करून देते, ते म्हणताना मी पाहिलंच नव्हतं.

तंबोऱ्याच्या चार तारा. पंचम, दोन जोड, खर्ज. त्यांचे आवाज मी बाईंच्याच तंबोऱ्यावरून मुद्रित केले. फोनमध्ये आवाज म्हणजे आकडे असतात, सेकंदाला 44,100. ते आवाजाच्या यंत्रणेला थोडे थोडे करून सतत पुरवावे लागतात. पंगतीसारखंच आहे. जेवणारा थांबत नाही. वाढपी क्षणभर उशिरा आला की पान रिकामं. इथे पान रिकामं झालं की कानाला ‘टक्’ असा आवाज येतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात वाढपी मेन थ्रेडच होता. श्रुती बदलायला पडद्यावर बोट फिरवलं की तंबोरा टकटकायचा.

मग मी तो भाग ‘सर्व्हिस’मध्ये हलवला. अँड्रॉइडमध्ये सर्व्हिस म्हणजे पडद्याशिवाय चालणारा ॲपचा भाग. नावावरून वाटतं की ती वेगळ्या धाग्यावर चालत असेल. तसं नसतं. वेगळं काही सांगितलं नाही तर सर्व्हिससुद्धा त्याच खिडकीतल्या भाऊसाहेबांच्या डोक्यावर बसते. पाटी बदलली, माणूस तोच. हे नवशिके हमखास चुकतात, आणि त्या दिवशी घाईत मीही चुकले. शेवटी आवाजाला स्वतंत्र धागा दिला तेव्हा टकटक थांबली.

दोन धागे आले की नवी अडचण येते. मेन थ्रेड श्रुतीचे आकडे बदलतोय आणि त्याच क्षणी आवाजाचा धागा ते वाचतोय, तर दोन तारा जुन्या स्वरात आणि दोन नव्या, असा बेसूर निघतो. यावरचा उपाय मिरज जंक्शनच्या पोरांना शिकवायला नको. एकेरी लाईनवर ड्रायव्हरच्या हातात टोकन असल्याशिवाय गाडी सुटायची नाही. टोकन एकच, म्हणून त्या तुकड्यावर गाडीही एकच. प्रोग्रॅममध्ये याला लॉक म्हणतात. याच घराण्यातला ‘सेमाफोर’ हा शब्द डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी 1960 च्या दशकात संगणकात आणला, तो रेल्वेच्या हात वर-खाली करणाऱ्या सिग्नलवरूनच.

पण टोकनचाही घोटाळा होतो. 1997 साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागलं. हवामानाच्या नोंदी करणाऱ्या कमी महत्त्वाच्या कामाच्या हातात टोकन होतं. त्याला मधल्या कामांनी अडवून धरलं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम टोकनची वाट बघत ताटकळलं. पॅसेंजर टोकन घेऊन उभी, तिच्यापुढे मालगाडी आणि मागे एक्सप्रेस खोळंबलेली. ज्याच्या हातात टोकन आहे त्याला तेवढ्यापुरता एक्सप्रेसचा मान द्यायचा, अशी दुरुस्ती पृथ्वीवरून पाठवली तेव्हा यान सुरळीत चालू लागलं. माझ्या तंबोऱ्यात मी आवाजाच्या धाग्याला कुणासाठी थांबायलाच लावलं नाही. श्रुतीचे सगळे आकडे एका चिठ्ठीवर लिहून ती पूर्ण चिठ्ठी एकदम बदलायची, असं केलं.

ॲप तयार झालं. माझ्या टेबलावर तासन् तास वाजत राहिलं. बाईंच्या फोनवर घालून दिलं. बाई खूश, मी त्याहून खूश.

चार-पाच महिन्यांनी दिवाळीला मिरजेला आले तेव्हा बाईंकडे गेले. फराळ झाला, गप्पा झाल्या. मी विचारलं, ‘बाई, रियाज कसा चाललाय?’ बाई म्हणाल्या, ‘अगं, सोडला मी आता. पहाटे बसते, डोळे मिटून सूर लावते, आणि थोड्या वेळाने बघते तर तंबोरा बंद. माझाच हात कुठेतरी लागत असेल. मला काही हे नवीन जमत नाही. वय झालं.’

मी फोन हातात घेतला, तंबोरा लावला, पडदा बंद केला आणि दोघी बसून राहिलो. काही मिनिटांत तंबोरा थांबला. बाईंचा हात कुठेही लागलेला नव्हता.

झालं असं होतं. फोनची बॅटरी लहान आणि मागे गुपचूप जागी राहणारी ॲप्स फार. म्हणून 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून, फोन नुसता पडून असला की त्याला गाढ झोपवायची सोय आली. 2017 च्या आठव्या आवृत्तीपासून तर ॲप पडद्यावरून गेलं की त्याची साधी सर्व्हिस थोड्याच वेळात बंद केली जाते. काही फोन याहूनही कडक असतात. नियम योग्य आहे, आणि मला तो माहीतही होता. पण माझ्या टेबलावरचा फोन कायम वायरला लावलेला, आणि चार्जिंगला असताना पडदा झोपू नये ही सोय चालू केलेली. म्हणजे मी तपासत होते तो फोन कधी झोपतच नव्हता. बाईंचा फोन देवघराच्या फळीवर, पडदा बंद करून ठेवलेला. मी परीक्षा माझ्या सोयीच्या जागी घेतली आणि नापास बाईंना केलं.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते हे, की बाईंनी एकदाही फोन करून तक्रार केली नाही. चूक माझी होती आणि त्यांनी ती स्वतःच्या वयाच्या खात्यावर मांडली. साठेक वर्षांचा रियाज माझ्यामुळे थांबला होता.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. जे काम माणसाला आत्ता, सलग हवं आहे, त्यासाठी ‘फोरग्राउंड सर्व्हिस’ असते. तिची अट सरळ आहे: लपून काम करायचं नाही. पडद्यावर सूचना लावून सांगायचं की तंबोरा चालू आहे, आणि तिथेच बंद करायचं बटण द्यायचं. 2023 च्या अँड्रॉइड 14 पासून तर काम कोणत्या प्रकारचं आहे हेही आधी जाहीर करावं लागतं. कुणाचा फोन आला की गप्प व्हायचं. काम संपलं की फोनला जागं ठेवायचा हक्क परत करायचा. जी कामं थांबू शकतात, उदाहरणार्थ रियाजाच्या नोंदींची प्रत रात्री दुसरीकडे ठेवणं, ती वर्कमॅनेजर नावाच्या व्यवस्थेकडे सोपवायची: वाय-फाय असेल, चार्जिंग चालू असेल तेव्हा कर. एक्सप्रेस जाईपर्यंत मालगाडीने बाजूच्या रुळावर थांबावं, तसं.

एवढं करूनही सगळ्या फोनांची हमी देता येत नाही. बाईंच्या फोनमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन मी हाताने सवलत दिली. आणि एक गोष्ट ॲपमध्ये वाढवली. अँड्रॉइड 11 पासून ॲपला आपण मागच्या वेळी का बंद पडलो ते विचारता येतं. फोनने बंद केलं असेल, तर पुढच्या वेळी उघडल्यावर मराठीत ओळ येते: ‘मागच्या वेळी तंबोरा फोनने थांबवला. तुमच्याकडून काही चुकलं नाही.’ माझ्या कामातली ही सगळ्यांत छोटी भर आहे, चार ओळींची. बाकीचं सगळं विसरलं तरी ती ओळ मी प्रत्येक ॲपमध्ये घालते. शब्द बदलतात, अर्थ तोच.

आता आपल्यातल्या पुष्कळांची मुलं संगणक शिकताहेत. त्यांना माझ्याकडून एवढंच सांगा: आपलं काम आपल्या टेबलावर तपासू नका. ज्याच्यासाठी केलंय त्याच्या फळीवर, त्याच्या फोनवर, त्याच्या पहाटे पाच वाजता तपासा. आणि तुम्हा सगळ्यांना सांगते, आई-वडील ‘मला जमत नाही’ म्हणाले तर आधी फोन हातात घेऊन बघा. बऱ्याचदा माझ्यासारख्या कुणाचं तरी चुकलेलं असतं.

उरुसात दर्ग्याच्या संगीतसभेत आपण मागे बसून ऐकायचो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृतीची ती सभा. लोक गवयाला दाद देतात, तंबोऱ्यावर कोण बसलंय ते कुणी विचारत नाही. तो थांबला तर मात्र पहिल्यांदा गवयालाच कळतं. शाळेत आपल्यामागे असे किती जण होते, त्यांतले काही आज इथे आहेत. तास संपला की घंटा वाजायचीच, आणि ती कोण वाजवतं याचा मी तरी कधी विचार केला नव्हता. शिपाईकाका, आज करते आहे.

बाई पुन्हा पहाटे बसतात. तंबोरा मध्येच थांबला का, असं मी दर महिन्याला फोन करून विचारते. मागच्या महिन्यात म्हणाल्या, ‘थांबला नाही गं. मीच थांबले, चहा उकळत होता.’

आजच्या समारोपाची प्रार्थना बाईच सांगणार आहेत. व्यासपीठावर खरा तंबोरा ठेवला आहे आणि तो छेडायला आपल्याच वर्गातली मैत्रीण बसणार आहे. तेव्हा कृपा करून सगळ्यांनी आपापले फोन बंद करा. माझं ॲपसुद्धा.