नोंदवहीच्या पुढे काय वाचावे?



शताब्दीच्या कार्यक्रमात पुस्तकांवर बोलायचे असे ठरले, तेव्हा कोणीतरी म्हणाले, "जेवणाआधी पुस्तकांची यादी कोण ऐकणार?" म्हणून यादी लहान केली आहे. पण ती करावीशी का वाटली, ते आधी सांगतो.

आपल्यापैकी अनेकांनी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जाऊन पूर्वजांच्या नोंदीची प्रत आणली आहे. घरात देवाजवळ किंवा कपाटात ती जपून ठेवली आहे. त्या कागदावर क्रमांक असतो, जहाजाचे नाव असते. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव आणि अंगावरची एखादी खूण. नाव कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले, आणि पुढे तेच आपले आडनाव झालेले. आपल्या किती घराण्यांच्या आडनावात 'जी' आहे! ते कोणा एका आजोबाचे पहिले नाव होते.

काही दिवसांपूर्वी अशीच प्रत घेऊन एक मुलगी मंडळात आली. खापरपणजोबांची नोंद मिळाल्याचा तिला आनंद झाला होता. तिने तीन प्रश्न विचारले. हे रत्नागिरीहून का निघाले? 'जात' या रकान्यात लिहिलेल्या शब्दाचा अर्थ काय? आणि यांच्याबरोबर आलेल्या बाईचे पुढे काय झाले? आम्ही पहिल्या प्रश्नाला "गरिबी" असे एका शब्दात उत्तर दिले. दुसऱ्यावर आमच्यातले एक वडीलधारे म्हणाले, "ते जाऊ दे, बेटी, आता त्याचे काय?" तिसऱ्याचे उत्तर कोणालाच देता आले नाही. मुलगी नमस्कार करून गेली. ती परत आली नाही.

आम्हाला तेव्हापासून हे बोचते आहे. गणेश चतुर्थीला आपण हजारोंनी जमतो, झाकरी नाचतो, मुलांना मराठीच्या वर्गाला पाठवतो. हे सारे चांगलेच आहे. पण मूल प्रश्न विचारते तेव्हा आपण त्याला गप्प करत असू, तर ते पुढे का येईल? म्हणून आज त्या मुलीच्या तीन प्रश्नांच्या क्रमानेच काही पुस्तके सांगतो. काही मराठी, काही हिंदी, काही फ्रेंच आणि इंग्रजी. आपल्या घरात चार भाषा नांदतात, मग वाचनात का नसाव्यात?

पहिला प्रश्न, का निघाले? महात्मा जोतीराव फुले यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. आपले बरेच लोक त्याआधीच बोटीत चढले होते. पण शेतकरी कसा नागवला जातो हे या पुस्तकात जेवढे उघड दिसते तेवढे दुसरीकडे क्वचित दिसेल. सरकारी सारा, सावकाराचे व्याज, कोर्टकचेऱ्या, कामगारांची लाचखाऊ वृत्ती, धर्माच्या नावावरचे खर्च, आणि विद्या नसल्यामुळे यातले काहीच न कळणे. 'गरिबी' हा एक शब्द नसून ती एक यंत्रणा आहे, हे फुले दाखवतात. भाषा खडबडीत आहे, थोडी जड जाईल. रोज दोन पाने वाचा.

त्याच्या जोडीला विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' वाचा. वरसई हे त्यांचे गाव कोकणातले. घरावर कर्ज, म्हणून हा तरुण भिक्षुक 1857 साली काकांबरोबर दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाला आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशीचा संहार त्याने डोळ्यांनी पाहिला. मिळवलेले पैसे वाटेत लुटले गेले. पुस्तक छापून आले 1907 साली. आम्ही हे का सुचवतो? कारण त्याच काळात त्याच कोकणातून कर्जापायी घर सोडणारी आणखीही माणसे होती. एक लिहिता वाचता येणारा उत्तरेला गेला आणि त्याचे पुस्तक झाले. आपले अंगठा उठवणारे पूर्वज समुद्राकडे गेले आणि त्यांची नोंद झाली. दोन्ही शेजारी ठेवून पाहा, कोणाचा इतिहास उरतो आणि कोणाचा पुसला जातो, हे आपोआप कळते.

बोट सुटली ती मुंबईहून. ती मुंबई कशी होती? गोविंद नारायण माडगांवकर यांनी 1863 साली 'मुंबईचे वर्णन' लिहिले. बाजार, गोद्या, रस्ते, देवळे, नाना जातींचे लोक, सारे त्यात आहे. आपल्या माणसांनी मायदेशाचे शेवटचे दर्शन घेतले ते या शहराचे. ज्यांना मराठी वाचणे अवघड जाते त्यांच्यासाठी या दोन्ही पुस्तकांची इंग्रजी भाषांतरे मिळतात.

दुसरा प्रश्न, जातीच्या रकान्याचा. हा प्रश्न आपल्याला नकोसा वाटतो. बोटीत सारे एक झाले, असे आपण म्हणतो. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण खरे ते नव्हे. ज्यांना सारे विसरून जाणे सोयीचे होते त्यांनीही विसरले, आणि ज्यांना ते लपवावे लागले त्यांनीही लपवले. म्हणून आम्ही उर्मिला पवार यांचे 'आयदान' सुचवतो. लेखिका रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावच्या. म्हणजे आपल्याच मुलखातल्या. आयदान म्हणजे बांबूच्या सूप-टोपल्या. वडील वारल्यावर आई त्या विणून घर चालवत होती. डोंगर चढउतार करून रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायांचे वर्णन वाचताना, आपली आजी ऊसाच्या शेतातून डोक्यावर भारा घेऊन येताना दिसावी, इतके ते जवळचे वाटते. पण त्याच पानांवर शिवाशिवही आहे, अपमानही आहे. ज्या कोकणाची आपण इतक्या प्रेमाने आठवण काढतो, तेच कोकण कोणाला तरी जाच होते. कदाचित आपल्यातल्या काही कुटुंबांनी म्हणूनच समुद्र ओलांडला असेल. तसे असेल तर त्यात शरमेचे काय आहे? शरम असलीच तर ती दुसऱ्या बाजूने असावी.

याच ओघात फुल्यांचे 1873 सालचे 'गुलामगिरी'. अमेरिकेत काळ्या लोकांची गुलामी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना त्यांनी ते अर्पण केले. पुण्यात बसून मराठीत लिहिणाऱ्या माणसाने जातीचे दुःख आणि गुलामांचे दुःख एका ओळीत मांडले. आपण तर त्या गुलामांच्याच बेटावर राहतो. 1 फेब्रुवारी 1835 रोजी येथे गुलामगिरी उठली. त्याच्या तीनच महिने आधी, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, 'अ‍ॅटलास' जहाजाने कलकत्त्याहून 36 मजूर आले होते. दोन तारखांची आपल्याला दोन सुट्ट्या मिळतात. त्यांचा परस्परांशी संबंध काय, हे मात्र आपण मुलांना क्वचितच सांगतो. मेगन वॉन यांचे 'क्रिएटिंग द क्रिओल आयलंड' हे अठराव्या शतकातल्या मॉरिशसवरचे पुस्तक त्यासाठी वाचावे. आपल्या आधी त्या मळ्यांत घाम कोणी गाळला, हे कळल्याशिवाय आपलीही कहाणी अर्धीच राहते. शेजारचा क्रिओल आणि आपण, एकाच वहीची दोन पाने आहोत.

आता मळ्यावरचे जीवन. अभिमन्यु अनत यांची 'लाल पसीना' ही हिंदी कादंबरी आपल्यापैकी पुष्कळांनी नावाने ऐकली आहे, वाचलेली थोड्यांनी. 1977 साली ती निघाली. फ्रेंचमध्येही तिचे भाषांतर झाले आहे, म्हणजे आमची मुले "हिंदी येत नाही" असे सांगून सुटणार नाहीत. फ्रेंच आवडणाऱ्यांनी नाताशा आप्पाना यांची 'ले रोशे द पूद्र दॉर' ही 2003 सालची छोटी कादंबरी घ्यावी. दगड उचलला की खाली सोने सापडते, अशा थापेवर विश्वास ठेवून निघालेल्या माणसांची ती कथा आहे.

इतिहासात ह्यू टिंकर यांचे 1974 सालचे 'अ न्यू सिस्टिम ऑफ स्लेव्हरी' हे पुस्तक प्रसिद्ध आहे. करारबद्ध मजुरी ही नव्या रूपातली गुलामगिरीच होती, असे त्याचे म्हणणे. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, हा 'डबल कट' आपल्या आजोबांच्या तोंडी होता. करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे, नाहीतर अटक. पण टिंकर वाचून झाल्यावर तेथे थांबू नका. आपले लोक नुसते मार खात बसले नव्हते. 1871 साली आदॉल्फ द प्लेव्हित्झ यांच्या मदतीने जुन्या मजुरांनी राज्यपालांकडे अर्ज केला, त्यावर 9401 सह्या होत्या. त्यातून शाही चौकशी आयोग आला. सह्या म्हणजे पुष्कळांच्या फुल्या आणि अंगठेच असतील. तरी विचार करा, मळ्याच्या मालकाची भीती असताना 9401 माणसांनी हात पुढे केला.

तिसरा प्रश्न, त्या बाईचे काय झाले? यासाठी मरीना कार्टर यांचे 1994 सालचे 'लक्ष्मीज लेगसी' वाचा. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला आलेल्या भारतीय स्त्रियांचे अर्ज, जबान्या आणि पत्रे त्यात एकत्र केली आहेत. नोंदवहीत बाई कोणाची तरी बायको किंवा मुलगी म्हणून येते. या पुस्तकात ती स्वतः बोलते, भांडते, न्याय मागते. टिंकर आणि कार्टर यांचे म्हणणे प्रत्येक ठिकाणी जुळत नाही. न जुळले तर घाबरू नका. दोन पुस्तकांत मतभेद दिसला, की तिसरे मत आपण स्वतः बनवायचे असते. विचार करायला लावणारे पुस्तक म्हणतात ते यालाच.

बाईच्याच आवाजातली दोन मराठी पुस्तके. लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागांभागांनी प्रसिद्ध झाले. शाळेत न गेलेल्या या बाईंनी नवऱ्याचा धर्मबदल, ताटातूट, पुन्हा एकत्र येणे, सारे इतक्या साध्या आणि हसऱ्या मराठीत सांगितले आहे, की मराठी वाचनाची सुरुवात करणाऱ्याने येथूनच करावी. दुसरे, 1952 साली निघालेले 'बहिणाबाईंची गाणी'. खानदेशातली ही शेतकरी बाई निरक्षर होती. ती जात्यावर, शेतात रचून म्हणायची आणि घरातल्यांनी ते उतरवून ठेवले म्हणून ते आज आपल्यापर्यंत आले.

या शेवटच्या पुस्तकाने आम्हाला झोप लागू दिली नाही. कारण आपल्याही घरांत अशा म्हाताऱ्या होत्या. लग्नातली हळदीची गाणी, झाकरीची गाणी, पाळण्याची गाणी त्यांना पाठ होती. ती कोणी उतरवली? थोडीबहुत उतरवली गेली, पुष्कळ त्यांच्याबरोबर गेली. जी अजून आहेत, ती आज या सभागृहात पुढच्या रांगेत बसली आहेत.

म्हणून मंडळाच्या वतीने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, मंडळाचे पुस्तकांचे कपाट यापुढे कुलूपबंद राहणार नाही. पुस्तक हरवले तर हरवेल, न वाचता वाळवीने खाल्ले त्यापेक्षा ते बरे. दुसरी, महिन्यातून एका रविवारी जुन्या बैठकेसारखे बसायचे. ज्यांना मराठी वाचता येते त्यांनी मोठ्याने वाचायचे, मुलांनी फ्रेंच-इंग्रजीत वाचलेले क्रिओलमध्ये सांगायचे. शब्द अडला तर विचारायचा, कोणी हसायचे नाही. तिसरी, प्रत्येक घराने एक वही घालायची. त्यात घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला विचारून गाणे, गावाचे नाव, कोणत्या मळ्यावर कोण होते, काय शिजत होते, जे मिळेल ते लिहायचे. शुद्धलेखनाची काळजी नको. क्रिओलमध्ये लिहिले तरी चालेल.

आणि एक उरलेले काम आमचे आहे. त्या मुलीचा पत्ता आमच्याकडे आहे. पुढच्या आठवड्यात 'आयदान' आणि 'लक्ष्मीज लेगसी' घेऊन आम्ही तिच्या घरी जाणार आहोत. उत्तरे सारी देता येणार नाहीत, पण प्रश्न बरोबर होते, एवढे तिला सांगायचे आहे.

 जेवण तयार आहे. पुस्तकांचे टेबल दाराशीच मांडले आहे, जाताना एक तरी घेऊन जा.

जय महाराष्ट्र, जय मॉरिशस.