जीवनसत्त्व ‘ड’ आणि पचनसंस्थेचे कर्करोग : गृहीतकापासून पुराव्यापर्यंत

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वैद्यकशास्त्राचा असला तरी त्यातून मिळणारा धडा प्रशासनाच्या आणि धोरणाच्या क्षेत्रातही तितकाच उपयोगी आहे. मानवी शरीर स्वतः तयार करीत असलेले एक संप्रेरक पचनसंस्थेच्या कर्करोगांना आळा घालू शकेल काय, हा तो विषय. गेली सुमारे साडेचार दशके शास्त्रज्ञ या प्रश्नाचा पाठपुरावा करीत आहेत. त्यांनी कोणत्या क्रमाने प्रश्न विचारले आणि प्रत्येक टप्प्यावर काय हाती लागले, हे आपण पाहू.

प्रथम प्रश्नाची व्याप्ती लक्षात घेऊ. ‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगात बृहदान्त्र व गुदाशयाच्या कर्करोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख मृत्यू झाले. जठराच्या कर्करोगाने सुमारे ६ लाख ६० हजार, तर यकृताच्या कर्करोगाने साडेसात लाखांहून अधिक लोक दगावले. भारतात या रोगांचा नकाशा वेगळा आहे. ईशान्येकडील राज्यांत, विशेषतः मिझोराममध्ये, जठर व अन्ननलिकेचे कर्करोग अधिक आढळतात, तर गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आहे. अशा परिस्थितीत एखादी स्वस्त गोळी हा भार हलका करणार असेल, तर तिचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

जीवनसत्त्व की संप्रेरक?

१९२२ मध्ये एल्मर मॅककॉलम यांनी मुडदूस बरा करणाऱ्या घटकास जीवनसत्त्व ‘ड’ हे नाव दिले. परंतु हा पदार्थ केवळ आहारातून मिळतो असे नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरणांमुळे तो आपल्या त्वचेत तयार होतो. पुढे यकृतात त्यावर एक प्रक्रिया होते, मूत्रपिंडात दुसरी होते आणि ‘कॅल्सिट्रायॉल’ हे क्रियाशील रूप निर्माण होते. हे कार्य मूत्रपिंडात होते, हे फ्रेझर व कोडिचेक यांनी १९७० मध्ये दाखविले. एका अवयवात तयार होऊन रक्तावाटे दुसऱ्या अवयवांपर्यंत पोहोचणारा आणि तेथील पेशींना आदेश देणारा पदार्थ म्हणजे संप्रेरक. या व्याख्येनुसार कॅल्सिट्रायॉल हे संप्रेरकच आहे.

त्याचे काम हाडांपुरते मर्यादित नाही. आतड्याच्या अस्तरातील पेशींतही त्याचा ग्राही आढळतो. संप्रेरक या ग्राहीस जोडले गेले की पेशीच्या केंद्रकातील अनेक जनुकांचे काम कमी-अधिक होते. प्रयोगशाळेतील पेशींवर त्याचे परिणाम आशादायक दिसले. पेशींचे अनिर्बंध विभाजन मंदावले, त्या परिपक्व होऊ लागल्या आणि बृहदान्त्राच्या कर्करोगात बिघडणाऱ्या एका महत्त्वाच्या संदेशवहन साखळीस लगाम बसला. आतड्यातील एका विषारी पित्ताम्लाची चाहूल हाच ग्राही घेतो, हेही २००२ मध्ये स्पष्ट झाले. थोडक्यात, हे संप्रेरक आतड्यास कर्करोगापासून वाचवू शकेल असे मानण्यास जीवशास्त्रीय आधार होता.

नकाशावरून निघालेले गृहीतक

१९८० मध्ये अमेरिकेतील सेड्रिक व फ्रँक गारलँड या बंधूंनी तेथील बृहदान्त्र कर्करोगाच्या मृत्युदराचा नकाशा अभ्यासला. भरपूर ऊन असलेल्या नैर्ऋत्य भागात मृत्यू कमी आणि ईशान्य भागात अधिक, असे चित्र त्यांना दिसले. त्यावरून त्यांनी जीवनसत्त्व ‘ड’ या रोगापासून संरक्षण देत असावे, असे गृहीतक मांडले. पुढील अभ्यासांनी त्यास बळ दिले. १७ दीर्घकालीन अभ्यासांतील माहिती एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, रक्तातील पातळी फार कमी असलेल्यांना बृहदान्त्र व गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका ३१ टक्के अधिक असल्याचे दिसून आले.

येथे अभ्यासकाने थांबून विचार करावयास हवा. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. मोकळ्या हवेत व्यायाम करणाऱ्याच्या रक्तात हे संप्रेरक अधिक असते आणि व्यायामामुळेही या कर्करोगाचा धोका घटतो. लठ्ठ व्यक्तीच्या रक्तात ते कमी आढळते आणि लठ्ठपणा हा स्वतंत्रपणे या रोगाचा धोका आहे. आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, त्यामुळे कमी पातळी हे आजाराचे कारण नसून परिणामही असू शकतो. भारताचेच उदाहरण घ्या. ऊन विपुल असूनही कामाच्या पद्धती, पोशाख, प्रदूषण आणि त्वचेतील रंगद्रव्य यांमुळे आपल्याकडे या जीवनसत्त्वाची कमतरता व्यापक आहे. तरीही बृहदान्त्राच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी आहे. केवळ नकाशावर विसंबले असते तर भारताच्या नकाशाने उलटच निष्कर्ष सुचविला असता.

चाचणीची कसोटी

कारण आणि योगायोग वेगळे करण्याचा सर्वाधिक विश्वसनीय मार्ग म्हणजे यादृच्छिक नियंत्रित चाचणी. तीत सहभागी व्यक्तींचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले जातात. एका गटास औषध आणि दुसऱ्यास हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली जाते. व्यायाम, वजन, आहार यांतील फरक दोन्ही गटांत सारखे विभागले जातात.

अशी एक मोठी चाचणी अमेरिकेत ३६,२८२ महिलांवर झाली. त्यांतील एका गटास दररोज ४०० एकके जीवनसत्त्व ‘ड’ व कॅल्शियम देण्यात आले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, सरासरी ७ वर्षांत औषध घेणाऱ्यांत बृहदान्त्र व गुदाशयाच्या कर्करोगाचे १६८ आणि न घेणाऱ्यांत १५४ रुग्ण आढळले. म्हणजेच लाभ दिसला नाही. मात्रा अपुरी होती, असा आक्षेप घेतला गेला. म्हणून ‘व्हायटल’ या चाचणीत २५,८७१ व्यक्तींचा समावेश करून ४०० ऐवजी दररोज २,००० एककांची मात्रा तपासण्यात आली. २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. कर्करोग होण्याचे प्रमाण घटले नव्हते.

आधीच कर्करोग झालेल्यांचे काय? जपानमधील ‘अमातेरासू’ चाचणीत अन्ननलिकेपासून गुदाशयापर्यंतच्या कर्करोगाच्या ४१७ रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर दररोज २,००० एकके किंवा औषधविरहित गोळी देण्यात आली. २०१९ च्या अहवालानुसार रोग न उलटता ५ वर्षे जगण्याचे प्रमाण अनुक्रमे ७७ व ६९ टक्के होते. हा फरक मोठा वाटतो, परंतु तो संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता, म्हणजे केवळ योगायोगानेही पडू शकला असता. त्याच चाचणीच्या २०२३ मधील फेरविश्लेषणात, ‘पी-५३’ या प्रथिनाविरुद्ध प्रतिकारशक्ती जागृत झालेल्या रुग्णांच्या छोट्या गटात हे प्रमाण सुमारे ८१ विरुद्ध ३१ टक्के आढळले. हा संकेत लक्षवेधी आहे. तथापि मूळ चाचणी संपल्यानंतर शोधलेला आणि मोजक्या रुग्णांवर आधारलेला निष्कर्ष नव्या चाचणीत पुन्हा सिद्ध होईपर्यंत संकेतच राहतो.

२०२३ मध्येच १४ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत एकूण घट ६ टक्के दिसली, पण ती अर्थपूर्ण ठरली नाही. दररोज लहान मात्रा दिलेल्या चाचण्यांत मात्र ही घट १२ टक्के होती. हे संप्रेरक कर्करोग होणे थांबविते असा पुरावा आज नाही. झालेल्या रोगाची वाटचाल ते काही रुग्णांत मंदावू शकेल, ही शक्यता मात्र खुली आहे.

धोरणासाठी अर्थ

या निष्कर्षाला व्यावहारिक महत्त्व आहे. आपल्याकडे ६०,००० एककांची साप्ताहिक मात्रा औषध दुकानांत सहज मिळते. कर्करोगाच्या भीतीपोटी ती महिनोन्‌महिने स्वतःच घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा होऊ शकते. त्याहून गंभीर धोका म्हणजे गोळीच्या भरवशावर रुग्णाने शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी लांबविणे. पचनसंस्थेच्या कर्करोगात वाया गेलेले काही महिनेही जिवावर बेतू शकतात.

याचा अर्थ जीवनसत्त्व ‘ड’ बिनमहत्त्वाचे आहे, असा नव्हे. हाडांच्या आरोग्यासाठी त्याची आवश्यकता निर्विवाद आहे. दूध व खाद्यतेल यांच्या पोषणवर्धनासाठी २०१८ मध्ये नियम करण्यात आले ते कुपोषण व कमतरता दूर करण्यासाठी. त्या कार्यक्रमास कर्करोग प्रतिबंधाचे श्रेय आधीच देऊन टाकणे योग्य होणार नाही. कर्करोगाबाबत सिद्ध झालेले उपाय वेगळे आहेत : तंबाखू व मद्य यांपासून दूर राहणे, हिपॅटायटिस-बी प्रतिबंधक लस, वजनावर नियंत्रण, तंतुमय आहार आणि लक्षणे दिसताच तपासणी. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या सार्वत्रिक तपासणीवर भर आहे. पचनसंस्थेच्या कर्करोगांत म्हणूनच शौचातून रक्त जाणे, गिळण्यास त्रास, अकारण वजन घटणे या लक्षणांविषयीची जागरूकता अधिक मोलाची ठरते.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी काहीजण जिल्ह्याच्या आरोग्य अंदाजपत्रकावर निर्णय घेतील. प्रयोगशाळेतील यश, नकाशावरील साम्य आणि चाचणीतील निष्कर्ष असे पुराव्याचे तीन स्तर त्यांच्यासमोर एकाच वेळी ठेवले जातील. पहिल्या दोहोंतून प्रश्न निर्माण होतात, उत्तर मात्र तिसऱ्यातून मिळते. सार्वजनिक पैसा आणि रुग्णाची आशा या दोन्ही मर्यादित आहेत. त्या कोठे खर्च करावयाच्या, हे ठरविताना हा भेद ध्यानात ठेवावा, एवढीच अपेक्षा.