स्मृती हरपलेल्या वडीलधाऱ्यांची सेवा
(इंदूर येथील महाजन कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



देवस्थानाच्या कारभाराचे विषय आपण नेहमीच चर्चितो. आज मात्र ज्याची वाच्यता आपण सहसा करीत नाही, असा एक घरातील विषय मी आपल्यापुढे मांडणार आहे. मी वैद्य नव्हे. माझे आयुष्य कचेरीत कारकुनी करण्यात गेले. तेव्हा हे चार शब्द एका कारकुनाचे समजून ऐकावेत, ही विनंती.

घरातील वृद्ध माणूस नावे विसरू लागला, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागला, की आपण ‘म्हातारचळ’ म्हणून मोकळे होतो. पाहुणे आले की त्यांना आतल्या खोलीत बसवतो. जत्रेस निघताना घरीच ठेवतो. वास्तविक हा मेंदूचा विकार आहे. त्याचा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली प्रथम विद्वानांपुढे मांडला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. ज्या दुखण्याने इतकी घरे गाठली, त्यात कोणत्याही कुळास लाज वाटण्याचे कारण नाही. प्रथम डॉक्टरांना दाखवावे. कारण थायरॉइडचा दोष, ‘ब १२’ जीवनसत्त्वाची उणीव किंवा मनाची खिन्नता यांमुळेही विस्मरण होते, आणि त्यांवर उपाय आहे.

माझ्या धंद्यातील दृष्टान्त द्यायचा तर, या दुखण्यात आवक-नोंदवही आधी बंद पडते. जुन्या दप्तरातील गठ्ठे मात्र पुष्कळ काळ शाबूत राहतात. सकाळी काय जेवले ते आठवत नाही, पण लहानपणीची आरती मुखोद्गत असते. त्या जुन्या दप्तराकडे जाणारी वाट शब्दांपेक्षा इंद्रियांतून अधिक सुलभ असते. गंध, पुष्प, धूप, दीप व नैवेद्य हे पंचोपचार ज्यांच्या घरी नित्य चालतात, त्यांना यासाठी वेगळी साहित्यसामग्री आणावी लागत नाही.

प्रथम स्पर्श. कापसाच्या वाती वळणे, मटार सोलणे, मेथी निवडणे, फुले ओवणे, धुतलेल्या वस्त्रांच्या घड्या घालणे, ही कामे हातांच्या अंगवळणी पडलेली असतात. वात वाकडी झाली तरी सुधारू नये. काम नीट होणे हा हेतू नसून, ‘मी अजून घराच्या उपयोगी आहे’ ही भावना त्यांना लाभणे, हा हेतू आहे.

दुसरा नाद. परिचित संगीत पुष्कळदा शेवटपर्यंत साथ देते. संगीताने स्मरणशक्ती परत येत नाही. परंतु खिन्नता कमी होण्यास मदत होते, असे २०१८ सालच्या एका व्यापक शास्त्रीय आढाव्यात नमूद आहे. गाणी मात्र त्यांच्या तारुण्यातील असावीत. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची कन्या लताबाई २८ सप्टेंबर १९२९ रोजी याच इंदुरात जन्मल्या. तेव्हा गोवा आणि इंदूर या दोहोंना जोडणारा स्वर शोधण्यास आपणांस दूर जावे लागत नाही. नादात भाषाही आली. मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी मावळते. माळव्यात चाळीस वर्षे हिंदी-मराठी बोललेली आजी एकाएकी केवळ कोकणीच बोलू लागते, आणि येथे वाढलेली नातवंडे गोंधळतात. अशा घरांतील मुलांनी जेवण, पाणी, झोप, देव यांसंबंधीची दहा-वीस कोकणी वाक्ये शिकून घ्यावीत. औषधाइतकीच त्यांची गरज आहे.

तिसरे, गंध आणि रस. येथे एक सावधगिरी हवी. अल्झायमरच्या विकारात वास घेण्याची शक्ती पुष्कळदा लवकर क्षीण होते. यास्तव अबोली-मोगरा हाती देऊन ‘ओळखा पाहू’ असे कदापि विचारू नये. ती परीक्षा ठरते, आणि नापास झाल्याचे दुःख त्यांना होते. हळदीच्या पानातील पातोळी उकडताना त्यांना जवळ बसवावे, सराफ्यातील गराडूचा एखादा मऊ तुकडा आणून द्यावा. आठवले तर उत्तम, न आठवले तरी गोडी उरते. गिळण्यास त्रास असल्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून काही देऊ नये. वास कळत नसल्याने गॅसची शेगडी त्यांच्या स्वाधीन ठेवू नये.

चौथी दृष्टी. सायंकाळी पुष्कळ रुग्ण अस्वस्थ होतात. सावल्या त्यांना भिववितात. म्हणून काळोख पडण्यापूर्वीच दिवे लावावेत. समई त्यांना दिसेल अशी, पण हाताबाहेर ठेवावी. चष्मा व श्रवणयंत्र ठीक आहे की नाही, हे आधी पाहावे; अन्यथा सारे प्रयत्न व्यर्थ होत. ढोलताशांच्या गजरात किंवा अनंत चतुर्दशीच्या झाक्यांच्या गर्दीत मात्र त्यांना नेऊ नये. एका वेळी एकच गोष्ट, पंधरा-वीस मिनिटे पुरे. त्यांनी तोंड फिरविले की थांबावे.

कोणत्या वस्तूने चेहरा उजळला आणि कशाने त्रासला, याची एक वही ठेवावी. पंधरा दिवसांत घरास स्वतःची वाट सापडते.

शेवटी, सेवा करणाऱ्यांविषयी. हा भार बहुधा घरातील सुनेवर किंवा पत्नीवर पडतो. गोव्यात ८१ कुटुंबांवर झालेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. स्थानिक, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित व्यक्तींनी घरी जाऊन मार्गदर्शन व धीर दिला, तेव्हा सेवा करणाऱ्यांच्या मनावरील ताण लक्षणीय कमी झाला. मोठे इस्पितळ लागले नाही. घरी येणारे माणूस लागले. आपल्या मंडळींनी आठवड्यातून दोन तास अशा घरी जाऊन बसण्याची पाळी लावून घेतली, तर त्या सुनेला निदान देवदर्शनास जाता येईल.

आपल्या कुलाचारांची नोंद ज्यांनी ठेवली, त्यांची स्मृती आज हरपली असेल. परंतु कुटुंबातील त्यांचे स्थान हरपता कामा नये. ते राखणे आपल्या हाती आहे. ती सद्बुद्धी कुलदेवता आपणां सर्वांस देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.