‘दि इनर लाइट’चा अर्थ

‘सायकेडेलिक’ गीत म्हणजे नशेचें गीत, असा समज तरुणांत आणि पालकांतहि आढळतो. या पंथांतील अग्रणी बीटल्सपैकीं जॉर्ज हॅरिसन यांनीं जानेवारी १९६८ मध्यें मुंबईंत सरोद, बासरी, पखवाज यांची साथ मुद्रित करून घेतली. गायन मागाहून लंडनांत झालें, आणि मार्चमध्यें ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या मागील बाजूस ‘दि इनर लाइट’ निघालें. त्याचा आधार चिनी ‘ताओ ते चिंग’ : दाराबाहेर न पडतांहि जग जाणतां येतें, भटकंतीनें ज्ञान उलट घटतें. हें सांगणारे गृहस्थ स्वतः लंडनहून मुंबईस आले होते, ही गंमत निराळी! येथें दृष्टि आंत वळवावयाची, तीहि मादक द्रव्यावांचून. नांदेड-लातूरकडे एकतारीच्या भजनांत डोळे मिटून बसणाऱ्यास हें समजावून द्यावें लागत नाहीं.